मामा गाडीतच बसलेत

आमच्या ह्यांना एखाद्या लग्नात शोधायचं असेल तर मांडवात जाऊ नका. बाहेर रस्त्यावर बघा. पांढरी गाडी उभी असेल, इंजिन चालू असेल, आणि आत स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून एक मिशीवाला माणूस समोर बघत बसला असेल. तेच आमचे हे. कमळाकर मढवी, राहणार सारसोळे गाव, नेरूळ. घेतलं नाव, उखाण्याशिवाय घेतलं, आता कोणाला काय म्हणायचं ते म्हणा. मी काशी, त्यांची बायको, आणि त्या गाडीपायी माझं निम्मं आयुष्य पंगतीत एकटीनं जेवण्यात गेलंय.

माणूस वाईट नाही हं. सासऱ्यांची भातशेती होती, ती गेली, तिच्यावर सेक्टर उभे राहिले. ह्यांना पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली, तिथूनच रिटायर झाले. आता वरचे दोन मजले भाड्यानं दिलेत, त्यामुळे हातात काम असं काही नाही. फक्त गाडी. कोणाला दवाखान्यात न्यायचंय, कोणाच्या पाहुण्याला स्टेशनवरून आणायचंय, भाडेकरूचं कपाट हलवायचंय, नुसतं ‘कमळाकरदादा’ म्हटलं की हे चपला घालून तयार. ‘नाही’ हा शब्द त्यांच्या तोंडाला माहीतच नाही. त्यांच्या वाटचा ‘नाही’ पण मलाच म्हणावा लागतो, म्हणून गावात मी खडूस आणि हे देवमाणूस.

आता मूळ दुखणं सांगते. लोकांच्या गाडीची बॅटरी तीन-चार वर्षं जाते. आमची सहा महिन्यांत राम म्हणते. बरं, आजारी-बिजारी पडून जाईल तर तेही नाही. सकाळी ठणठणीत, दुपारी खलास. दिवाळे गावच्या मासळीबाजारात पापलेट घेऊन गाडीत बसलो, मेली. व्याह्यांना सोडायला निघालो, फाटकातच मेली. एकदा मयताला गेलो होतो, तिथं माणसाला खांदा देऊन झाल्यावर त्याच लोकांनी आमच्या गाडीला खांदा दिला. मेलेल्याची बायको पण रडता रडता थांबून बघत होती.

तेव्हापासून ह्यांनी ठरवलं की बाहेर कुठं गेलं तर इंजिन बंदच करायचं नाही. बंद केली तर परत चालू होईल याची खात्री काय? आणि चालू गाडी रस्त्यावर सोडून आत कसं जायचं? कोणी बसला आणि घेऊन गेला म्हणजे? म्हणून मग हे आत बसणार. साखरपुडा असो, बारसं असो, सत्यनारायण असो, मी मांडवात आणि हे गाडीत. त्यांचं ताट मी खिडकीतून द्यायचं आणि रिकामं ताट खिडकीतूनच परत घ्यायचं. बायका मला विचारायच्या, भावोजी आले नाहीत का? मी म्हणायची, आलेत, पार्क केलेत.

बॅटरी का मरते हे गावातल्या शेंबड्या पोराला पण ठाऊक होतं. ह्यांना तेवढं ठाऊक नव्हतं, आणि सांगायची कोणाची छाती नव्हती. कारण त्याच्यात आई होती. माझी नाही, त्यांची पण नाही. एकवीरा आई.

झालं होतं असं की गाडी नवीन असताना पाम बीच रोडवर हे घसरले. गाडी डिव्हायडरवर चढली आणि फुलझाडांत जाऊन थांबली. कोणाला ओरखडासुद्धा नाही. ह्यांनी तिथंच झाडांत उभं राहून नवस बोलला, आई, या गाडीत तुझा दिवा अखंड तेवत ठेवीन. आता गाडीत तेलाचा दिवा ठेवायचा म्हणजे गाडीचीच चिता. म्हणून कार्ल्याच्या जत्रेतून आईची मूर्ती आणली, तिच्यापुढं लाल लाइटचा दिवा, मागं रंगीबेरंगी फिरणारं चक्र, आणि खाली एक डबी, तिच्यातून बारीक आवाजात दिवसरात्र आरती. चावी काढल्यावर दिवा विझून चालणार नाही, म्हणून वायर थेट बॅटरीला. आठवडाभर गाडी जागची हलली नाही तरी आत सगळा उत्सव चालू. एकदा तर नवीन भाडेकरीण येता-जाता गाडीला नमस्कार करायला लागली. मग कोणीतरी बॉनेटवर नारळ ठेवून गेलं. नारळाची मी चटणी केली.

आणि ह्यांचे उपाय काय वर्णावेत. आधी म्हणाले, हल्ली मालातच भेसळ आहे, दुधात असते तशी. मग म्हणाले, नजर लागते. बॉनेटच्या आत लिंबू-मिरची बांधली. मग कुठंतरी मोबाइलवर वाचलं की थंडीनं बॅटरी कमजोर होते. नेरूळला थंडी कसली, माठातलं पाणी गार होत नाही. पण ह्यांनी माझ्या जुन्या लुगड्याची घडी करून बॅटरीला पांघरूण घातलं. दुरुस्तीवाल्या कुंदननं बॉनेट उघडल्यावर ते बघितलं आणि तो दोन पावलं मागं सरकला. म्हणाला, काका, इंजिनवर कापड? जळून मराल. ह्यांनी ते पांघरूण काढलं, पण तोंड असं केलं की जसं कोणी तान्ह्या बाळाचं दुपटं ओढलंय.

हा कुंदन पावण्याला बॅटऱ्यांचं दुकान चालवतो. आपल्यातलाच आहे, करावे गावचा. एकदा हे चहा प्यायला गेले तेव्हा त्यानं मला बाजूला घेतलं. आधी कानाला हात लावले, मग बोलला. काकी, आईच्या दिव्याला, चक्राला न् आरतीला रातदिस करंट जातो. गाडी उभी असली की बॅटरी पूर्ण उतरते, आणि अशी उतरली की दर वेळी थोडी थोडी मरते. मी म्हटलं, मग काकांना सांग ना. तो म्हणाला, मी चैत्रात कार्ल्याला पालखीला खांदा देतो, मी त्या वायरीला हात नाय लावनार.

मग मीच सांगितलं. म्हणजे नुसतं म्हटलं की दिवा रात्रीचा बंद ठेवला तर? ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी घरच्या देव्हाऱ्यावर पाय ठेवलाय. बोलणंच बंद केलं. रुसून जाऊन बसले, ते पण गाडीत.

एवढं सगळं मी सोसलं असतं. पण मध्ये आली पुतळा. पुतळा म्हणजे ह्यांची चुलत बहीण, उरणला दिलेली, माझी नणंद. नणंद ही जात कशी असते ते मी सांगायला नको, आणि पुतळा त्यांच्यातली मुकादम. तिच्या विश्वजितचं लग्न ठरलं. हळदीला मटणाबरोबर तीनशे तांदळाच्या भाकऱ्या माझ्याकडून हव्यात म्हणून तिचा फोन आला. मी हल्ली हळदीच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेते, माझी भाकरी संध्याकाळपर्यंत मऊ राहते, हे सगळ्या खाडीपट्ट्यात माहीत आहे. मी खूश झाले. फोन ठेवताना बया म्हणते कशी, “वैनी, भाकऱ्या येलेवर येतील ना? का विश्वजितला पोरं झाल्यावर? आनि दादा हलदीचा मामा हाय. मामा मांडवात येनार का आमी नवऱ्याला खिरकीशी आनायचा?”

हे तिनं फोन स्पीकरवर ठेवून विचारलं. मागं पाच-सहा बायका हसल्या, ते मला ऐकू आलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच वेळी ठरवलं की पंगत बसायच्या आधी माझ्या तीनशे भाकऱ्या त्या मांडवात जाणार, आणि मामा पण स्वतःच्या पायानं आत येणार. नाही आला तर या काशीनं पुन्हा उरणला तोंड दाखवायचं नाही.

हळदीच्या दिवशी पहाटेपासून आम्ही चार बायका उकड काढून भाकऱ्या थापत होतो. दुपारपर्यंत टोपल्या भरल्या, वर पांढरी धोतरं झाकली. मी ह्यांना म्हटलं, टेम्पो बोलावते. हे म्हणाले, घरची गाडी असताना टेम्पो? भाचा काय म्हणेल? मग कुंदन आला, त्यानं दुसऱ्या बॅटरीला वायरी लावून गाडी चालू करून दिली. जाताना बजावलं, काका, उरणपर्यंत बंद पडू देऊ नका, बॅटरीत आता फक्त नावाला जीव आहे. हे म्हणाले, आई बसलीय ना समोर. कुंदननं माझ्याकडं बघितलं आणि मी टोपलीकडं.

डिकीत टोपल्या, मागच्या सीटवर टोपल्या, एक माझ्या मांडीवर. डबीतून आरती, चक्र फिरतंय, दिवा लागलाय. उलवे मागं पडलं आणि जासईच्या अलीकडं कंटेनरची रांग लागली. पुढं ट्रेलर, मागं ट्रेलर, मध्ये आमची गाडी. हे क्लचवर पाय ठेवून एक-एक हात पुढं सरकत होते. तेवढ्यात शेजारच्या ट्रेलरनं असा भोंगा मारला की ह्यांचा पाय सुटला. गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली.

ह्यांनी चावी फिरवली. कट्. परत फिरवली. कट्. तिसऱ्यांदा फिरवली तेव्हा आईमागचं चक्र हळूहळू थांबलं, डबीतली आरती दारू प्यायल्यासारखी जड झाली आणि ‘जय दे’ वर अडकून गप्प बसली. शेवटी लाल दिवा मंद झाला, आणि विझला. हे आईकडं बघत राहिले. पुढची रांग हलली, आम्ही नाही हललो. मागून सगळे ट्रेलर ओरडायला लागले. मांडीवरच्या टोपलीची ऊब मला लुगड्यातून लागत होती आणि ती कमी होतेय असं वाटायला लागलं. मला रडू पण आलं आणि राग पण आला, आणि आमच्या घरात दोन्ही आले की राग आधी बाहेर पडतो.

मी म्हटलं, “बगा, बगा नीट. तुमच्या अखंड दिव्याच्या पायी आई काळोखात बसलीय. आनि आजच नाय. बाजारात बसली, फाटकात बसली, मयताला बसली. जवा जवा बॅटरी मेली तवा तवा आई काळोखात. देवलात पन रातची शेजारती व्हते, देव झोपतो. तुमी इतक्या वर्सांत तिला एक रात झोपू दिली नाय.”

ह्यांनी चावीवरचा हात काढला. मिशी थरथरली. मला वाटलं, आता हे रुसणार, पण रुसून जाणार कुठं, गाडीतच तर होते. पण हे आईकडं बघत म्हणाले, “कौल लावू.”

कौल म्हणजे देवाला विचारायचं. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. आमच्यात सोयरीक ठरवायला, घराचा पाया खणायला कौल लावतात. कंटेनरच्या रांगेत बॅटरीसाठी लावलेला मी पहिल्यांदाच बघितला. ह्यांनी आईच्या हारातल्या झेंडूच्या दोन पाकळ्या काढल्या, बाटलीतल्या पाण्यानं चिकटवल्या आणि हात जोडून विचारलं, आई, रात्रीचा दिवा बंद करू का?

पाकळ्या पडेनात. मागचे ड्रायव्हर शिव्या देत खाली उतरले. पहिला सरदारजी होता. त्यानं खिडकीतून आत डोकावलं, मूर्ती बघितली, जोडलेले हात बघितले, आणि विचारलं, माताजी का क्या चल रहा है? मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की माताजीला विचारतोय, उत्तर यायचं बाकी आहे. त्यानं मागं वळून बाकीच्यांना गप्प राहायला सांगितलं. भोंगे बंद झाले. पाच-सहा दांडगे ड्रायव्हर आमच्या गाडीभोवती उभे राहून झेंडूच्या पाकळीकडं बघत बसले. एकानं चपला पण काढल्या. इकडं माझ्या भाकऱ्या गार होताहेत आणि पाकळी आपली ढिम्म.

शेवटी सरदारजीच म्हणाला, बहनजी, जवाब रास्ते में आ जाएगा, अभी धक्का मारते हैं. ह्यांनी दुसरा गिअर टाकला, मागून सगळ्यांनी जोर लावला, ह्यांनी क्लच सोडला. गाडीला असा हिसका बसला की माझं कपाळ टोपलीवर आपटलं. आणि गाडी चालू झाली. चक्र फिरलं, दिवा लागला, डबी जिथं अडकली होती तिथून पुढं आरती म्हणायला लागली. मी खिडकीतून धक्का मारणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक भाकरी ठेवली. पंगतीत कमी पडल्या तर माझ्या वाटची काढून देईन असं मनाशी म्हटलं.

थोडं पुढं गेल्यावर ह्यांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, “कंची परली?”

उजवी पडली म्हणायला माझं काय जात होतं? शब्द अगदी ओठांवर आला होता. पण समोर आई बसलेली. मी मांडीवरच्या धोतरावर पडलेल्या दोन्ही पाकळ्या उचलून दाखवल्या आणि म्हटलं, “दोनी. एकदम.”

ह्यांनी पाकळ्यांकडं एकदा बघितलं आणि परत रस्ता धरला. आईनं काही सांगितलंच नाही, म्हणजे आता ठरवायचं ह्यांनाच, आणि ह्यांना तर कोणाला नाही म्हणता येत नाही.

पोचलो तेव्हा सतरंज्या अंथरून झाल्या होत्या, पत्रावळी मांडत होते. बँजो वाजत होता. पोरांनी टोपल्या पटापट उतरवल्या. पुतळा कमरेवर हात ठेवून मांडवाच्या तोंडाशीच उभी होती. तिनं वरची भाकरी घेतली, दुमडली, तुकडा मोडला, चावला. मऊ होती. परत चावला. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. नाव ठेवायला काहीच सापडेना तेव्हा तिनं भाकरी खाली ठेवली, माझ्या मागं बघितलं आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, “भाकऱ्या आल्या. मामा गारीतच बसलेत ना?”

बायका हसल्या. माझे कान तापले. बाहेर आमच्या गाडीची घरघर चालू होती, ती सगळ्यांना ऐकू येत होती. प्रत्येक कार्यात ती घरघर ऐकत मी जेवलेय. मान खाली घालून मी टोपलीवरचं धोतर उगाचच नीट करायला लागले.

आणि घरघर थांबली.

मला वाटलं, गेली. परत मेली बॅटरी. मी वळून बघते तर हे मांडवात शिरत होते. दोन्ही हातांत छातीशी धरलेली एकवीरा आई, चक्र थांबलेलं, दिवा विझलेला, आणि खाली उपटलेली वायर शेपटीसारखी लोंबत होती. पुतळा बाजूला सरली. बँजोवाला वाजवायचा थांबला. ह्यांनी आईला मांडवातल्या देवांच्या पाटावर नेऊन ठेवलं, तिथं तेलाची समई जळत होती. पदराआड तोंड लपवून हसणाऱ्या बायकांनी पण हात जोडले. मग ह्यांनी हळद घेतली आणि विश्वजितच्या दोन्ही गालांना अशी फासली की तो ‘मामा, डोळे, डोळे’ म्हणून ओरडला.

पंगत बसली. हे आले आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पंगतीत शेजारी बसल्यावर ह्यांचा गुडघा माझ्या पत्रावळीवर येतो हे मला तेव्हा कळलं. मी हळूच विचारलं, “गारी?”

“बंद केली,” हे म्हणाले. “आई आत आली, तू आत हायस. मी भाईर कोनाची राखन करू?”

मी पाणी प्यायले आणि पुतळाला म्हटलं, वन्सं, मामांना भाकरी वाढा. तिनं वाढली. मुकाट्यानं वाढली, हे मी मुद्दाम सांगते.

निघताना गाडी चालू झाली नाहीच, ती काय होणार होती. सगळ्या हळदीनं ती ढकलली, बँजोच्या तालावर. नवरदेव पण ढकलायला आला. आता आमच्या पांढऱ्या गाडीच्या मागं पिवळे पंजेच पंजे आहेत आणि हे ते धुऊ देत नाहीत.

कुंदननं नवीन बॅटरी बसवली आणि दिव्याला एक बटण लावून दिलं, बटण लावताना डोळे मिटून घेतले होते. हे आता रोज रात्री गाडीत बसून आईची शेजारती म्हणतात, मोठ्यानं, काचा खाली करून, मग बटण दाबतात आणि दार हळू लावतात, आवाजानं आई उठेल म्हणून. वरची भाडेकरीण गॅलरीतून टाळ्या वाजवते. बॅटरी अजून ठणठणीत आहे. किती महिने झाले ते सांगायची मला बंदी आहे, नजर लागते.

आणि मी? मी एकटीनं जेवायची तेव्हा निदान पोटभर जेवायची. आता हे प्रत्येक हळदीला शेजारी बसतात, मटण आलं की बोलता बोलता माझ्या पत्रावळीतली नळी उचलतात, आणि चोखताना माझ्याकडं बघून हसतात. मी त्यांच्या हातावर चापट मारते. पण पुढच्या खेपेला वाढपी आला की नळी आधी मागून घेते, आणि त्यांच्या बाजूला सरकवून ठेवते.